तलाव सरकारजमा झाले, माहिती कोठे गेली?

ज्याचे सारे आयुष्य विडी कामगारांत गेले, त्याने तलावांच्या इतिहासावर का बोलावे, असे आपल्यांपैकी पुष्कळांना वाटेल. आम्हांलाही आरंभी तसेच वाटत होते. म्हणून तलावांपर्यंत आम्ही कसे पोहोचलो ते आधी सांगतो.

आमच्या युनियनमध्ये एक वृद्ध कार्यकर्ते होते. सर्वजण त्यांना दादा म्हणत. साकोली-लाखनीकडील पन्नासएक गावांत कोणता सट्टेदार कोणत्या कारखान्याचा माल देतो, कोणत्या घरी कामाचे पुस्तक कोणाच्या नावावर आहे आणि त्या पुस्तकावर प्रत्यक्षात विडी वळणाऱ्या बाया किती, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, त्यात घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला पुस्तक मिळण्याची सोय झाली. १९७७ साली भविष्यनिर्वाह निधीची योजना विडी धंद्याला लागू झाली. घरी वळणारी बाईदेखील कामगारच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. परंतु पुस्तक घरातल्या एका बाईच्या नावावर आणि वळणाऱ्या सासू, सून, लेक अशा तिघी, हा प्रकार गावोगाव चालू होता. तो कागदावर नव्हता. दादांच्या डोक्यात होता.

दादा गेले. पुढे तीन वर्षांनी एक बाई आमच्या कचेरीत आली आणि म्हणाली, ‘भाऊ, सासूच्या पुस्तकावर मी अठरा वर्सं विडी वळली. दादाले समदं मालूम होतं.’ दादांना ठाऊक होते, यात शंका नाही. आम्ही अर्ज केला, साक्षी शोधल्या, पण सट्टेदार बदललेला, जुने पुस्तक उंदरांनी खाल्लेले, आणि आमच्या कपाटात त्या गावाच्या नावाची एक ओळसुद्धा नाही. दावा फेटाळला गेला. मालकाला दोष देऊन आम्ही त्या दिवशी मोकळे होऊ शकलो असतो, आणि थोडा दोष त्याचा होताही. परंतु अठरा वर्षे आमच्याच संघटनेला माहीत असलेली गोष्ट आमच्याच संघटनेने हरवली, हे आम्हांला झोपू देईना.

त्या बाईला निकाल सांगावयास आम्ही तिच्या गावी गेलो, तेव्हा गावात निराळेच भांडण चालले होते. दिवस हस्त नक्षत्राचे होते. पाऊस थांबला होता, भारी धान निसवण्याच्या बेतात आला होता आणि तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांध्यांना द्यावयाचे, यावरून दोन पक्ष पाळीवर उभे होते. बाजूला एक पंचाहत्तरीचे गृहस्थ उकिडवे बसले होते. त्यांचे वडील मालगुजारीच्या काळात त्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे पाणी सोडणे आणि वाटणे हे त्यांचे काम. ऐन तारुण्यात या गृहस्थांनीही बापाबरोबर पाळीवर रात्री काढल्या होत्या. आम्ही विचारले, ‘आजोबा, गावात याचे काही लिहून ठेवलेले नाही का?’ ते म्हणाले, ‘पानी कोनाले पयले द्याचं ते कागद नाही सांगत जी. बांधीत पाय घातला का समजते.’

या एका वाक्यापासून आमचा अभ्यास सुरू झाला.

आपल्या जिल्ह्यात तलाव किती आणि किती जुने, हे येथील श्रोत्यांस नव्याने सांगावयास नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून माजी मालगुजारी तलाव सहा हजार आठशेंहून अधिक आहेत. त्यांना आता सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव पडले आहे. मामाच्या गावचा तलाव असा अर्थ घेणारे एक शहरी पाहुणे आम्ही पाहिले आहेत. यांतील थोर तलावांशी कोहळी समाजाचे नाव जोडलेले आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील हे तलाव बांधणारे लोक म्हणूनच कोहळ्यांची ओळख करून दिली आहे. चांद्याच्या गोंड राजांनी, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असे अभय दिले होते, ही परंपरा चंद्रपूरकडे आजही सांगतात. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने घातला, असे जुने गॅझेटियर सांगते. लोकांनी पुढे त्याला कोलासुर म्हणून देवच केले. नवेगाव १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेले; पण त्या सालापर्यंत ते भंडाऱ्याचेच होते, म्हणून त्याचा हक्क आम्ही सोडीत नाही.

या तलावांची रचना पाहिली म्हणजे नवल वाटते. एक तलाव भरला की त्याचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात, त्याचे आणखी खाली, अशी माळच्या माळ. लहान शेतकऱ्याची स्वतःची बोडी वेगळी. पाळीतून पाणी सोडण्याचे जे दार, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुम उघडणे सोपे आहे, ते पोरसुद्धा करील. अवघड आहे ते केव्हा आणि किती उघडावे हे. आमच्याकडे पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे धानाला पुरेसा. परंतु तो पडतो आपल्या मर्जीने. रोवणीच्या वेळी दडी मारली तर पऱ्हे वाळतात, आणि हस्तात दडी मारली तर लोंबी पोचट राहते. तलाव आहे तो मुख्यतः या दोन दड्यांसाठी. अशा वेळी कन्हार जमीन पाणी चार दिवस धरून ठेवील, सिहार धरणार नाही. हलका धान आधी निसवतो, भारी मागाहून. नहरेच्या तोंडाशी असलेला शेतकरी गरज नसता पाणी अडवून धरतो, कारण उद्या मिळेल याचा त्याला भरवसा नसतो. पाणकर या सर्वांचा हिशेब पायांनी करीत असे. रात्री बांध्यांतून चालावयाचे, चिखल किती दबतो ते पाहावयाचे, आणि पहाटे तुडुमावर जाऊन निर्णय घ्यावयाचा. त्याबद्दल सुगीत खळ्यावर त्याला धान मिळे. त्याच्याबरोबर त्याचा पोरगा हिंडे, आणि दहा-बारा वर्षे हिंडल्यावर तो पाणकर होई.

तलावाची माहिती अशा रीतीने गावात विखुरलेली होती. पाळ कोठे खचते ते कोहळी शेतकऱ्यास ठाऊक, कोणत्या बांधीला तहान आहे ते पाणकरास, आणि तळाशी गाळ कोठे साचला, खोल डोह कोठे, मासा अंडी कोठे घालतो ते ढिवरास. एकाजवळही सारे नव्हते. पण दरवर्षी उन्हाळ्यात नहर साफ करण्यास आणि पाळीला माती चढविण्यास ही सगळी मंडळी एकत्र येत, आणि तेव्हा एकाचे दुसऱ्याला कळे.

हे वर्णन ऐकून मालगुजारीचे दिवस सोन्याचे होते असा समज कोणी करून घेऊ नये. आम्ही त्या पंथाचे नव्हे. पाळीवर माती चढविणाऱ्यांपैकी किती जण राजीखुशीने आले आणि किती बेगारीने, हे जुनी माणसे सांगतात. नहरेच्या शेवटच्या टोकाला कोणाच्या बांध्या असत, हेही सांगावयास नको. इंग्रजी अमदानीत जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिला गेला. पाणी घेण्याचा, मासे धरण्याचा, वाटेचा, चराईचा, असे गावचे सर्व रिवाज त्यात नोंदलेले असत. असा उत्तम कागद गावात असता तो किती कुळांनी कधी डोळ्यांनी पाहिला? दप्तर मालगुजाराच्या वाड्यात. कुळाचा हक्क कोणत्या ओळीत आहे हे कुळाला ठाऊक नसणे, यातच वाड्याचे बळ होते. तेव्हा ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली ती संपावयासच हवी होती, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही.

परंतु त्या दिवशी सरकारजमा काय काय झाले? १९५० च्या कायद्याने तलाव आले, पाळी आल्या, झाडे आली, जमाबंदीचे कागद आले. पाणकर मात्र कोणत्याच यादीत नव्हता. तो मालगुजाराचा नोकर नव्हता, सरकारचाही झाला नाही. त्याचे खळ्यावरचे धान हा रिवाज होता, पगार नव्हे. आणि तलाव सरकारचा झाल्यावर, सरकारी कामाबद्दल आम्ही धान का द्यावे, असे शेतकऱ्याने विचारले तर त्यात गैर काय? दोन-तीन सुगींत ते धान बंद झाले. आमच्या त्या गृहस्थांचे वडील तरीही दोन वर्षे पाणी वाटीत राहिले. मग ते मजुरीस लागले आणि मुलगा सट्टेदाराकडून तेंदूपत्ता आणून विडी वळू लागला.

यानंतर जे झाले ते फारसे कोणी ध्यानात घेत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. १९५१ साली भंडारा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि पुढे शंभर हेक्टरांपर्यंत ओलित करणारे लहान तलाव त्यांच्याकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. १९९९ साली गोंदिया वेगळा निघाला. म्हणजे ज्या तलावाचे पाणी पिढ्यानुपिढ्या एकाच गावाने वाटले, त्याचे मालक पन्नास वर्षांत इतक्या वेळा बदलले. प्रत्येक वेळी दप्तर गाठोड्यात बांधून निघाले असेल, नव्या कचेरीत सोडले गेले असेल, आणि प्रत्येक वेळी नव्या साहेबाने, हा तलाव कोणत्या गावचा, असे पहिल्यापासून विचारले असेल. साहेबांना आम्ही हसत नाही. त्यांतील काही फार कष्टाळू होते. मुंबईकडील कालव्यांची शिस्त शिकून आलेल्या माणसाला, येथे पाटाचा तक्ता नसतो आणि पाण्याची पाळी माणसाच्या पायांत असते, हे कोण सांगणार? ज्याने सांगावयाचे तो विडी वळीत होता.

कागद टिकला की काम झाले, असे समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्ही जुन्या नोंदी कायम ठेवलेल्या आहेत. १६१ आणि १६५ ही कलमे कोणीही काढून पाहावीत. त्यामुळे पाण्यावर हक्क कोणाचा, हे आजही सिद्ध करता येते. पण ‘कोणाचा’ हे लिहिणारा कागद ‘कसे’ हे लिहीत नाही. खाणींत हीच गोष्ट अधिक भयंकर रीतीने दिसली आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणून खाणकामगारांच्या सभांना आम्ही पुष्कळदा जातो. बंद पडलेल्या जुन्या कामांचे नकाशे जपून ठेवले पाहिजेत, असा खाणींचा कायदा फार वर्षांपासून सांगतो. धनबादजवळील चासनाला कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या कामांत साठलेले पाणी फुटून खाली आले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. नकाशे ठेवण्याचा कायदा त्या दिवशीही होताच. तलाव गाळाने भरला तर माणसे एका दिवसात मरत नाहीत, म्हणून त्याची चौकशी बसत नाही, इतकाच फरक.

आता थोडे आमच्या पक्षाविरुद्ध बोलतो. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा एक अभियंता होऊन गेला. कामगारांजवळ परंपरेने चालत आलेली सारी माहिती व्यवस्थापकांनी गोळा करावी, तिचे तक्ते आणि नियम बनवावेत, आणि मग त्या नियमांबरहुकूम कामगाराकडून काम घ्यावे, असे त्याने १९११ साली आपल्या पुस्तकात मांडले. आम्ही तरुणपणी हे पुस्तक एका मित्राच्या मदतीने, शब्दकोश हाताशी ठेवून वाचले, आणि आमचे रक्त तापले. कामगाराच्या हातातली कला काढून मालकाच्या कपाटात ठेवावयाची, मग कामगार कोणीही चालेल! तेव्हापासून आम्ही सभांतून सांगत आलो की, आपल्या हातचे गुपित मालकाला फुकट देऊ नका. ते चुकीचे होते असे आजही आम्हांला वाटत नाही. ज्याच्याजवळ माहिती हीच एक भाकर, तो ती वाटून टाकील कशी? पाणकराने आपले शास्त्र सरकारी कारकुनाला सांगितले नाही म्हणून त्याला नावे ठेवणारे लोक आम्हांला भेटले आहेत. त्यांना आमचे विचारणे असे की, सांगितल्यावर त्याला कोणी काय देणार होते?

परंतु हाच नियम दादांना लावून पाहिला तेव्हा आम्ही अडखळलो. दादा मालकापासून माहिती लपवीत होते असे नव्हे. ती आमच्यापासूनही दूर राहिली. तरुण कार्यकर्ता पुढे आला की ते म्हणत, ‘तू फक्त गाव सांग, मी सांगतो.’ त्यात मायाही होती. आणि आपल्यावाचून कचेरी चालत नाही, हे सुखही होते. मानधन नाही, पद नाही, म्हातारपणाची सोय नाही. ज्या माणसाला संघटनेने काही दिले नाही, त्याला आठवण हाच मान होता. तो त्याने वाटून टाकावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? मालगुजार गेला तेव्हा पाणकराचे धान बंद झाले. दादांचे तर आम्ही कधी सुरूच केले नव्हते. युनियनच्या कचेरीत एक कोरी वही आणि तिच्यात लिहून घेणारा एक पोरगा त्यांच्याजवळ बसविणे आम्हांला सुचले नाही, याचे कारण आळस नव्हे. दादा आहेत तोवर सोय आहे, हेच कारण.

ढिवरांची कथा थोडी निराळ्या वळणाने गेली. तलावांच्या मासेमारीसाठी त्यांच्या सहकारी संस्था झाल्या. संस्था तलाव ठेक्याने घेतात, बीज सोडतात, मासा विकतात. सरकारी सल्ल्याप्रमाणे रोहू, कटला, मृगळ आणि पुढे परदेशी गवत्या मासा आला. गवत्या मासा पाणवनस्पती खातो, हे त्याच्या नावातच आहे. वनस्पती गेल्या, बेशरमाचे रान काठावर माजले, आणि मरळीसारखे गावठी मासे कमी होऊ लागले. हे संकट ढिवरांनी आधीच ओळखले होते. पण संस्थेच्या सभेत ठराव बीजाचा आणि हिशेबाचा. कोणती वनस्पती कोठे असली म्हणजे कोणता मासा येतो, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसे. अर्जुनी मोरगावकडे ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने हा विषय पत्रिकेवर आणला. जुन्या ढिवरांना आणि ढिवर स्त्रियांना विचारून वनस्पतींची आणि माशांची यादी केली. मग बेशरम उपटून, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा काठ नांगरून, पावसाळ्यात तेथे जुन्या वनस्पती लावल्या. ज्यांनी सांगितले त्यांच्याच संस्थेला मासा मिळणार होता, म्हणून त्यांनी सांगितले. ही गोष्ट आम्हांला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मालगुजाराने ढिवराला विचारले नाही, खात्याने विचारले नाही. ज्याने विचारले त्याच्याजवळ पाळीवर बसण्यास वेळ होता.

हे पाहून आम्हीही थोडी धडपड केली. त्या बाईच्या गावाच्या वाजिब-उल-अर्जाची नक्कल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून मिळविली. त्यास चार महिने आणि सात फेऱ्या लागल्या. मग ती चावडीसमोर मोठ्याने वाचली. गावातल्या पुष्कळांनी आपल्या गावाचा हा कागद जन्मात प्रथम ऐकला. वाचन संपल्यावर एक ढिवर आजी उठून म्हणाली, ‘समदं बरोबर हाये. पर देवधान कोनं झोडपाचं ते नाही लिवलं.’ आमच्याबरोबरचा पोरगा वही काढून तिच्याजवळ बसला. पाणकरांच्या त्या मुलाने, म्हणजे आमच्या वृद्ध गृहस्थांनी, मरण्यापूर्वी दोन पावसाळे तीन तरुणांना बांध्यांतून हिंडविले आणि कोणती बांधी कन्हार, कोणती सिहार, कोणाची आधी, कोणाची मागून, हे लिहून दिले. विडीच्या पुस्तकांसाठी आता गावोगाव वेगळी वही आहे. तीत पुस्तक कोणाचेही असो, वळणाऱ्या सर्व बायांची नावे त्यांच्याच तोंडून आणि चार शेजारणींसमक्ष लिहून घेतात. ज्या बाईमुळे हे सुरू झाले तिला त्याचा उपयोग झाला नाही.

त्या नकलेच्या समासात आजवर अकरा नोंदी भरल्या आहेत. बारावी अजून कोरी आहे: नवा पाणकर कोण, त्याच्या हाताखाली शिकावयाचे कोणी, आणि खळ्यावर त्याला धान किती. नहरेच्या तोंडाशी असलेले शेतकरी एकरी दोन पायल्यांच्या वर जावयास तयार नाहीत, शेवटच्या टोकाचे चार देतो म्हणतात. दोन बैठका झाल्या. तिसरी रोवणीच्या आधी व्हावयाची आहे.